खण, इकत, अजरख आणि सोलापुरी चादर: एका हॉलमध्ये नांदवायचं कसं?

अनुस्वार (ठाणे)

नमस्कार मंडळी,

रंगकाम आटोपलं, सोफा आला आणि आता कापडांवरून घरात दोन तट पडले आहेत. म्हणून हा धागा.

हॉल दहा बाय सोळा, सातवा मजला. पश्चिमेला पाच फूट रुंदीची एकच मोठी खिडकी. दुपारी दोननंतर ऊन थेट सोफ्याच्या पाठीवर येतं. भिंती ऑफव्हाइट, फरशी बिल्डरने दिलेली पिवळसर व्हिट्रिफाइड. सोफा तीन सीटचा, राखाडी, शेनिलचा. समोरच्या भिंतीला सहा बाय तीनचा दिवाण.

कापडांना तोटा नाही. जाऊबाई बागलकोटच्या, त्या दर खेपेला गुळेदगुड्डचे खण आणतात: जांभळा, मोरपिशी, कुंकवासारखा लाल. भूजला गेलो तेव्हा घेतलेली अजरखची (लाकडी ठशांच्या छपाईची) डबल बेडशीट आहे, निळी आणि विटकरी. पोचमपल्ली इकतचे (धागे आधी बांधून रंगवतात, मग विणतात ते) पाच अभ्रे, काळे-पांढरे. दिवाणावर मयूरपंखी सोलापुरी चादर, हिरवी-तांबडी. ती आईने दिलेली, त्यामुळे कपाटात टाकायची सोय नाही. आणि खाली लाल-निळ्या पट्ट्यांची सतरंजी.

एकेक वस्तू हातात घेतली की वाटतं, हिच्याशिवाय हॉल नाही. सगळ्या एकदम मांडल्या की नवरा विचारतो, "प्रदर्शन कधीपर्यंत आहे?" सासूबाईंचं म्हणणं, पडदे, अभ्रे, चादर सगळं एकाच ताग्यातून शिवून घ्यावं आणि मोकळं व्हावं. एका इंटिरियरवाल्यांना बोलावलं, तर त्यांनी हॉल पूर्ण बेज करायला सांगितला आणि खणाचा एक तुकडा फ्रेम करून भिंतीला लावा म्हणाले. एवढे खण काय मी फ्रेम करायला जमवले?

बेज मला नको आहे. एकसारखंही नको आहे. पण आत्ता आहे तेही नजरेला टोचतंय, एवढं कबूल. नेमकं काय टोचतंय ते सांगा. घरात बोका आहे, त्याला सोफ्याची पाठ फार आवडते, हेही लक्षात घ्या.

फुलपात्र (नाशिक)

बोक्याचा फोटो टाका, मग सल्ला.

चौकोन (पुणे)

साठ-तीस-दहाचा नियम लावा. साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुय्यम, दहा टक्के उठावाचा. तुमच्याकडे राखाडी साठ, निळा तीस, लाल दहा. हिरवा काढून टाका. म्हणजे सोलापुरी गेली. प्रश्न मिटला.

फुलपात्र (नाशिक)

आईची चादर काढून प्रश्न मिटतो म्हणणाऱ्याचं लग्न झालेलं नसावं.

मगजी (कोल्हापूर)

अनुस्वारताई, माझं राजारामपुरीत पडदे, गाद्या, अभ्रे शिवून द्यायचं काम आहे. मशीनचा आवाज आणि नवरा-बायकोची रंगावरची भांडणं दोन्ही रोज ऐकते. त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

चौकोन, तुमचा नियम रंगाचा आहे आणि ताईंची अडचण रंगाची नाही. निळा, विटकरी, लाल, राखाडी हे रंग आपसात भांडत नाहीत. हॉलमध्ये नक्ष्याही फार झालेल्या नाहीत. एकाच मापाच्या झाल्यात. अजरखमधलं एक चक्र बघा, तळहाताएवढं. इकतमधली शंकरपाळी तेवढीच. सोलापुरीवरचा मयूरपंखही जवळपास त्याच अंगाचा. तिन्ही नक्ष्या कापड भरून आणि तिन्ही समोरासमोर. डोळा एकीवर टेकतो न टेकतो तोच दुसरी हाक मारते.

आता खणाकडे या. हातात धरला तर केवढी कारागिरी: रथ, तुळस, हत्तीचं पाऊल, चांदणी. पण तोच खण सोफ्यावर टाका आणि दारात जाऊन उभ्या राहा. बुट्टी दिसतच नाही. दिसतो तो एक रंग, आणि त्यात हललं की बदलणारी दुसऱ्या रंगाची झाक, कारण बऱ्याच खणांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्याचा असतो. म्हणजे लांबून खण हे साधं कापड आहे. नक्षीत त्याला धरूच नका, पोतात धरा. तुमच्याकडे सगळ्यात कमी त्रास देणारी गोष्ट तीच आहे, आणि तिलाच फ्रेमीत घालायला निघाले होते ते गृहस्थ.

मी गिऱ्हाइकाला दुकानात एक गोष्ट करायला लावते. सगळी कापडं एकावर एक न ठेवता, घरात जिथे जाणार तशी पसरायची, दहा पावलं मागे जायचं आणि मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढायचा. रंग गेला की खरा दंगेखोर कोण ते कळतं. तुमच्या फोटोत मी पैजेवर सांगते, इकत ठणठणीत दिसेल. काळ्यावर पांढरं, त्यापेक्षा मोठा विरोध कापडात नाही. अजरखची निळी आणि विटकरी मात्र जवळजवळ एकाच करड्यात जातील, फक्त पांढऱ्या रेघा उठतील. म्हणजे अजरख दिसायला भरगच्च असली तरी स्वभावाने शांत आहे. राखाडी सोफा मधल्या पट्टीत, तो कुणाच्याच वाट्याला जात नाही.

आता चमक. याबद्दल कोणी बोलत नाही आणि हॉल निम्मा त्याच्यावर ठरतो. खणाला चमक आहे, हल्ली त्यात आर्ट सिल्क, म्हणजे कृत्रिम रेशीम असतं. शेनिलला पण आहे, हात उलटा फिरवला की गडद, सुलटा फिरवला की फिकट. अजरख, सतरंजी, सोलापुरी तिन्ही मंद, सुती. दोन चमकणारी कापडं शेजारी ठेवली की दोन्ही स्वस्त दिसतात. शेनिलवर खणाची उशी ठेवायची असेल तर मध्ये सुती काहीतरी हवं. उशीच्या कडेला सुती मगजी, म्हणजे शिवणीतली गोल पट्टी, लावली तरी पुरतं. जाडसर, अर्ध्या बोटाची, गडद रंगाची. नावच माझं तसं आहे, त्यामुळे हा सल्ला पक्षपाती समजा.

पोताचं असं, की डोळ्याला साधं आणि हाताला वेगळं लागेल असं कापड हॉलमध्ये जितकं येईल तितकं येऊ द्या, त्याला मर्यादा नाही. जाड खादी, मंगळगिरी, मॅटी, कोरं डक (कॅनव्हाससारखं जाड सुती), असली साधी सुती कापडं. नक्षीला मात्र मर्यादा आहे. एका नजरेच्या टप्प्यात एकच मोठी नक्षी, तिच्या जोडीला पट्टे किंवा चौकडा. पट्टे कुणाशीही जमवून घेतात. तुमच्या सतरंजीला म्हणून मी हात लावणार नाही.

एक विचारायचं राहिलं. खणाचा तागा आहे की सुटे खण? पडद्याचा सगळा हिशेब त्यावर आहे.

अनुस्वार (ठाणे)

मगजीताई, काळा-पांढरा फोटो काढला. इकत अक्षरशः भिंतीतून बाहेर येतंय! आणि मला तेच सगळ्यात जास्त आवडतं, हे दुर्दैव.

खण सुटे आहेत, ओटीचे असतात तसे, घडी घातलेले. प्रत्येकाची लांबी थोडी कमी-जास्त. अजरख कापायची माझी तयारी आहे, पण हात धजत नाही. आणि पडदा खणाचाच व्हावा असं जाऊबाईंना फार वाटतंय.

तांबडी माती (फोंडा)

मगजीताईंच्या पट्टे-चौकड्याला माझं अनुमोदन. आमच्या गोव्याकडच्या जुन्या घरांत बघा: तांबड्या गिलाव्याची जमीन, वेताने विणलेल्या बैठकीच्या खुर्च्या, पाठीवर क्रोशाचे रुमाल, खिडकीला शिंपल्याच्या तावदानांतून येणारा दुधी उजेड. तिथे नक्षी म्हणाल तर क्रोशाची, ती पण पांढऱ्यावर पांढरी. बाकी सगळा पोतांचा खेळ.

आणि चौकडा हवा तर कुणबी लुगड्याचा लाल चौकडा घ्या. गोव्याचे दिवंगत फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी हे विसरत चाललेलं लुगडं पुन्हा लोकांसमोर आणलं, त्यानंतर आता चौकड्याचं कापड बऱ्यापैकी मिळतं. विकत घेताना विणलेलं आहे का एवढं बघून घ्या, छापील चौकडाही त्याच नावाने विकतात. ओळखायला सोपं आहे: उलट्या बाजूला रंग फिका असला तर छापील. विणलेला चौकडा दोन्हीकडून सारखाच.

माझ्या दिवाणखान्यात फुलाफुलांचे पडदे (बायकोची निवड) आणि छापील गालिचा (वडिलांची निवड) यांच्या मध्ये चौकड्याच्या दोन उशा आहेत. तेव्हापासून शांतता आहे. कापडांत तरी.

दर्या (नेदरलँड्स)

तांबडी माती, तुमच्या लाल चौकड्यावरून इथलं एक गाव आठवलं. फ्रीसलंड प्रांतात हिंडेलोपेन म्हणून एके काळी समुद्राकाठी असलेलं छोटं गाव आहे, तिथल्या संग्रहालयात जुने पोशाख ठेवलेत. इथले खलाशी सुखवस्तू होते, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आलेलं आपल्या कोरोमंडल किनाऱ्याचं छिटाचं (फुलाफुलांचं रंगीत सुती) कापड त्यांच्या बायका वापरायच्या. लांब डगला फुलांच्या छिटाचा आणि त्याच्याच आत सरळसोट चौकडा. शिवाय त्याच गावातलं लाकडी सामान वेलबुट्टीने रंगवलेलं. कागदावर लिहिलं तर गोंगाट वाटेल. प्रत्यक्षात डोळ्याला अजिबात त्रास होत नाही, कारण चौकडा बारीक आहे आणि छिटाची फुलं मोठी. मगजीताईंचा मापाचा मुद्दा तिथे काचेच्या पेटीत उभा आहे म्हणा ना.

सणासुदीला लाल छीट आणि दुखवट्यात निळं, असाही तिथे रिवाज होता. हे अवांतर.

मगजी (कोल्हापूर)

दर्या, हे मला माहीत नव्हतं, फोटो असतील तर वेगळ्या धाग्यात टाका.

अनुस्वारताई, सुटे खण म्हटल्यावर अख्खा पडदा विसरा. जाऊबाईंना मी समजावते. जुन्या चालीच्या खणाचा पन्हा (रुंदी) साधारण तीस-एकतीस इंच, लांबी जेमतेम चोळीपुरती. जोडून जोडून पडदा केला तर दर तीस इंचाला उभी शिवण, दर खणाला आडवी शिवण, आणि मधेमधे दोन काठ एकमेकांना चिकटलेले. गोधडी होते. गोधडी म्हणून सुंदर, पडदा म्हणून लटकत नाही, शिवणींच्या वजनाने ताठ राहतो.

दुसरं, तुमची खिडकी पश्चिमेची. ऊन रेशमाला आणि रेयॉनला खातं. आधी रंग उडतो, मग धागा सडतो, मग एक दिवस पडदा सरकवताना उभा फाटतो. अजरखच्या नीळ-मंजिष्ठेलाही (झाडापासून काढलेल्या निळ्या-लाल रंगांनाही) ते ऊन सोसणार नाही. खिडकीत साधं सुतीच हवं, मागून अस्तर हवं.

तर असं करा. पडदा जाड पांढऱ्या खादीचा किंवा कोऱ्या हातमागाचा, आणि खाली खणाचा पट्टा. पट्टा लावायची रीत सांगते, हे नीट वाचा. खण आडवा फिरवायचा, म्हणजे काठ वर-खाली येतात. मग मधोमध, काठाला समांतर कापायचा. दोन पट्टे मिळतात, प्रत्येकी सुमारे पंधरा इंच उंच, आणि प्रत्येकाच्या एका कडेला अख्खा काठ. तो काठ जमिनीकडे ठेवायचा. साडीचा काठ खाली असतो तसा पडद्याला आपोआप काठ मिळतो, वेगळी लेस-बिस लावायला नको.

सगळे तुकडे आडवेच फिरवलेले हवेत. एक उभा लागला तर चमक वेगळी पडते आणि तो तुकडा दुसऱ्याच रंगाचा दिसतो. शिवताना कळत नाही, दुपारच्या उन्हात कळतं. आणि खण आडवा फिरवला की बुट्टीही आडवी होते. लांबून काही नाही, पण जवळून तुळस झोपलेली दिसेल. सासूबाईंना ते चालणार नाही. मलाही नाही चालणार. म्हणून चांदणी, चौकटी असले खण निवडा, ज्यांना वर-खाली नसतं.

कापडाचा हिशेब: खिडकी पाच फूट, दांडी दोन्हीकडे सहा-सहा इंच बाहेर, म्हणजे बहात्तर इंच. चुण्यांसाठी दुप्पट, एकशे चव्वेचाळीस. अठ्ठेचाळीस इंची पन्ह्याचे तीन तुकडे, दीड इकडे दीड तिकडे. दांडीपासून जमिनीपर्यंत साडेसात फूट धरले तर दुमड, पट्टी आणि आटण मिळून नऊ फूट घ्या. तीन तुकडे गुणिले तीन वार, नऊ वार. दुकानात मीटरवर मिळेल, साडेआठ मीटर मागा. खणाचे पाच पट्टे लागतील, म्हणजे एकाच रंगाचे तीन खण. लांबी कमी भरली तर चौथा हाताशी ठेवा.

खादी रात्रभर बादलीत भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायची. ही पायरी गाळू नका. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, खण त्याच मापाने आटेलच असं नाही. न भिजवता जोडलं तर धुतल्यावर वरचा पडदा वर ओढला जातो आणि खणाचा पट्टा खाली झालरीसारखा फुगतो. मग लोक माझ्याकडे उसवायला घेऊन येतात आणि उसवल्यावर टाक्यांची भोकं दिसतात.

अजरख कापू नका. डबल बेडशीट नव्वद बाय एकशे आठ असते. लांबीत मधोमध दुमडा, चोपन्न बाय नव्वद होते. तुमचा दिवाण छत्तीस बाय बहात्तर. लांबीत दोन्ही टोकांना नऊ-नऊ इंच गादीखाली खोचायला, आणि पुढच्या बाजूला अठरा इंच झोळ. बेतून घेतल्यासारखी बसेल, आणि तिची किनार बरोबर पुढे लोंबेल. कात्री न लावता. त्यावर दोन लोड ठेवा, अगदी साधे, एका रंगाचे, जाड विणीचे. नक्षीचं काही ठेवायचं नाही.

सोलापुरी सोफ्याच्या पाठीवर. उभी तीन घड्या घालून, फक्त एक पट्टा दिसेल अशी. तिथेच ऊन येतं आणि तिथेच बोका येतो, दोन्हीला ती पुरून उरेल. सोलापुरी दोन्ही बाजूंनी वापरता येते, उलटीकडे तेच रंग अदलाबदल होऊन दिसतात, तर जी बाजू गडद असेल ती वर. आई आल्या की उलगडून दिवाणावर.

माणदेशी (म्हसवड)

लोडाला जाड विणीचं म्हणताय तर घोंगडी का नाही? आमच्याकडची घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, काळी-करडी, रंग घातलेला नसतो. खड्डामागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे सुरुवातीला ताठ असते, वापराने नरम येते. अजरखच्या शेजारी इतका खरबरीत काळा पोत दुसरा कुठला मिळेल? सतरंजीच्या जागीही घोंगडीच टाका. शहरातले लोक हजारो रुपये देऊन परदेशी लोकरीचा गालिचा आणतात आणि आपल्या घोंगडीला टोचते म्हणतात.

मगजी (कोल्हापूर)

टोचतेच की, माणदेशी. टोचणं हा तिचा गुण आहे, पण मान टेकायच्या लोडाला तो गुण नको. पाठीमागे भिंतीला टेकवायचा लोड असेल तर चालेल, आणि दिसेल झक्क, यात वाद नाही.

जमिनीवर मात्र ठाण्यात नको. म्हसवडची हवा कोरडी. खाडीजवळच्या फ्लॅटमध्ये जून ते सप्टेंबर लोकर ओल धरते, वास मारते, आणि घडी करून ठेवली की कसर लागते. आठवड्यातून एकदा ऊन द्यायला गच्ची आणि माणूस दोन्ही असेल तर जरूर घ्या. सातव्या मजल्यावरच्या बाईला हे काम मी सांगणार नाही.

माणदेशी (म्हसवड)

पावसाळ्यात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून माळ्यावर ठेवायची. दिवाळीला काढायची. वर्षभर एकच वस्तू जमिनीवर पाहिजे असं कुठं लिहिलंय?

मगजी (कोल्हापूर)

हे मात्र पटलं. दिवाळी ते होळी घोंगडी, पुढे सतरंजी. पण माळ्यावर ठेवण्याआधी कडक ऊन दाखवूनच, आणि दर पंधरवड्याला एकदा उघडून बघायची. नुसत्या पाल्यावर विसंबू नका.

चौकोन (पुणे)

एक शंका. बोक्याचं काय? माझ्याकडे शेनिलचा सोफा होता, मांजराने आठवड्यात त्याची झालर केली.

मगजी (कोल्हापूर)

शेनिलमध्ये धाग्यालाच केस असतात आणि वीण सैल असते, नखाला धरायला आयतं मिळतं. सोफा आला आहे तर आता बदलायचं कसं? पाठ झाका, सोफ्याच्या हातांवर डकचे कव्हर घाला, बाजूला सुतळी गुंडाळलेला खांब ठेवा, काही मांजरं तिकडे वळतात. पुढे कधी कापड बदलायची वेळ आली तर आखूड लवेचा मखमली प्रकार किंवा अगदी घट्ट सपाट वीण बघा, तिथे ओढायला मोकळा धागा सापडत नाही. मांजर असलेल्या घरात मशरू आणि साटीन ही गुळगुळीत चमकदार कापडं टाळा. त्यात वरचे धागे लांब मोकळे सुटलेले असतात, त्यांच्यावरच चमक असते, आणि एक धागा ओढला गेला की बोटभर रेघ पडते. हिमरूची (औरंगाबादच्या नक्षीदार विणीच्या कापडाची) सुलटी बाजू टिकते, पण पाठीमागे मोकळे धागे असतात, म्हणून तिला अस्तराशिवाय वापरू नका.

अनुस्वार (ठाणे)

सगळ्यांचे आभार. खादी आणली आहे, भिजत घातली आहे. अजरख दुमडून दिवाणावर घातली, खरंच बेतून घेतल्यासारखी बसली. सोलापुरी सोफ्याच्या पाठीवर टाकली तर बोका तिच्यावर चढून झोपला, नखं काढली नाहीत अजून.

सासूबाईंनी खण निवडायचं काम स्वतःकडे घेतलंय. लाल रंगात चांदणीचे चार निघाले. मोरपिशीत तीन आहेत, पण त्यातल्या एकावर रथ आहे.

इकतचं काय करू? पाचही अभ्रे बेडरूममध्ये न्यायचे म्हणजे मला तुरुंगात टाकल्यासारखं वाटतंय.

तांबडी माती (फोंडा)

हॉलमध्ये एखादी सुटी खुर्ची नाही का? वेताची, लाकडी, कसलीही. तिच्यावर एक. बाजूला दुसरं काही नको.

मगजी (कोल्हापूर)

खुर्ची खिडकीशेजारच्या कोपऱ्यात, पांढऱ्या पडद्याला लागून असेल तर दोन चालतील. दिवाणावर आणि सोफ्यावर एकही नाही, यात घासाघीस होणार नाही. बाकीचे तीन बेडरूममध्ये, आणि दर दोन महिन्यांनी अदलाबदल करा, म्हणजे सगळ्यांना हॉल मिळेल.

मोरपिशी रथाचा खण पडद्यात घेऊ नका, आडवा रथ कोणी बघितला तर हसं होईल. त्याची उशी करा, रथ उभा येईल अशी, मागची बाजू साध्या सुती कापडाची. दोन्ही बाजूंना खण लावला की उशी सोफ्यावरून घसरत राहते.

लाल पट्टा लावायचा ठरला असेल तर कापण्याआधी एक करा. पांढरा रुमाल कोमट पाण्यात भिजवून पिळायचा आणि खणाच्या एका कोपऱ्यावर जोर लावून घासायचा. रुमाल गुलाबी झाला तर तो खण पांढऱ्या खादीला लावायचा नाही, पहिल्याच धुण्यात पडद्याचा खालचा हातभर भाग गुलाबी होईल आणि तो डाग निघत नाही. चारही खण वेगवेगळे घासून बघा, एकाच रंगाचे दिसले तरी रंगवलेले एकाच घाणीतले असतील असं नाही. मोरपिशीचंही तसंच. रंग सुटत असेल तर खादी पांढऱ्याऐवजी करडी घ्या, भिजवलेली पांढरी अस्तराला कामी येईल.